चारी पायांना पंजे

"इंग्रजांच्यात राजा बदलला की खुर्चीचे पाय बदलतात," ताम्हाणेसाहेब म्हणाले आणि दरबार हॉलमधल्या एका खुर्चीसमोर उकिडवे बसले. "हा बघा बाई. गुडघ्यात वाकलेला पाय, खाली पंजा, पंजात धरलेला गोळा. असा पाय दिसला की ओळखायचं, दोनशे वर्षांपूर्वीची धाटणी. पुढं दुसरा राजा आला, पाय सरळ झाले. मग व्हिक्टोरिया राणी आली. तिच्या काळात ते भोपळ्यासारखे सुजले."

"आणि आपल्यात?" मी विचारलं.

"आपल्यात कुठली खुर्ची? आपण पाटावर बसणारी माणसं."

मी हातातला पॉलिशचा बोळा बशीत ठेवला. साहेब मुंबईचे, शिकलेले, जुन्या सामानाचं वय सांगणारे. मी तिसरीतून शाळा सोडलेली. पण लाकडाच्या घरात वाढले आणि लाकडाच्याच घरात पडले, त्यामुळं कुणी लाकडाबद्दल बोलायला लागलं की माझे कान आपोआप टवकारतात.

या गोष्टीला आता पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली. संस्थानं केव्हाच गेली होती, मग तनखेही गेले, आणि आमच्या गावचा राजवाडा एका ट्रस्टच्या ताब्यात आला. दसऱ्याला तिथं म्युझियम उघडायचं ठरलं होतं. कुठलं सामान ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे ठरवायला ताम्हाणेसाहेबांना आणलं होतं. ते बोट दाखवायचे आणि मागून इंगवले कारभारी खूण करायचे. एका डबीत खडू, दुसरीत गेरू. खडूचा ठिपका म्हणजे वस्तू राहणार. गेरूची फुली म्हणजे विक्रीला. मुंबईचा एक हॉटेलवाला ट्रक घेऊन दारातच उभा होता.

ठेवायच्या सामानाला पॉलिश करायचं काम आमच्या कारखान्याला मिळालं होतं. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि चार कारागीर. आमचे मालक वारल्यापासून तो मीच चालवत होते. बाईमाणूस सुतारकामाचा कारखाना कसा चालवणार, असं विचारणाऱ्यांना मी त्यांच्याच घरचे मोडके पलंग दाखवायची. त्यातले निम्मे आमच्या शेडमध्ये यायचे.

दरबार हॉलमध्ये बारा खुर्च्या होत्या. सहा या भिंतीला, सहा त्या भिंतीला, पाठी भिंतीला टेकवलेल्या. राजेसाहेबांच्या गादीच्या समारंभाला विलायतेहून आणलेल्या, असं सगळं गाव म्हणायचं.

"मला या वाड्यात एवढंच खरं आवडलं," साहेब म्हणत होते. "दोनशे वर्षं जुन्या नाहीत या, लंडनच्या कंपनीनं त्या धाटणीत केलेल्या आहेत. पण कारागिराचा हात बघा. त्या पंज्याच्या शिरा बघा. लाकूड महोगनी. दफ्तरात त्या कंपनीला पाठवलेलं पत्रसुद्धा आहे. कारभारी, बाराच्या बारांना खडू."

मी पदराआड हसत होते. मला वाटलं, लावा खडू, बघू दे तुम्हाला किती आवडतंय ते. साहेब तेवढ्यावर थांबले असते तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते.

पण साहेब उठले, गुडघे झटकले आणि इंगवल्यांना म्हणाले, "आपल्याकडच्या सुताराला सात जन्म दिलेत तरी हे जमणार नाही."

इंगवल्यांनी मान हलवली. "कुठलं जमतंय साहेब. आपले लोक पाय करतील तर मुसळासारखा."

"या खुर्च्या आमच्या घरच्या आहेत," मी म्हणाले.

दोघंही वळले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या सासऱ्यांनी केलेल्या. रावजी मिस्त्रींनी. बाराच्या बारा. याच वाड्याच्या मागच्या गाडीखान्यात."

इंगवले हसायला लागले. "आक्का, ऊन लागलं काय?"

"मला ऊन लागत नाही, इंगवले. तुमची बोलणी लागतात. एक खुर्ची पुढं ओढा आणि फिरवा."

त्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. आम्ही दोघांनी एक खुर्ची भिंतीपासून ओढून फिरवली. मागं कोळिष्टकं होती. मी पदरानं ती पुसली.

साहेब आधी नुसते बघत राहिले. मग खाली बसले. मग चष्मा काढून, डोळा लाकडाला लावून बघायला लागले. मागच्या दोन्ही पायांनाही पंजे होते. त्यांतही गोळे होते. पाठीच्या फळीवरची पानं जशी पुढून कोरलेली, तशीच मागूनही.

"असं नसतं," ते हळूच म्हणाले. "मागचा पाय कुणी कोरत नाही. त्यांच्याकडं मागचे पाय साधेच असतात. भिंतीला लागणारा पाय कोरून करायचंय काय?"

"पालखीची मागची बाजू कुठली असते, साहेब?"

"अं?"

"आमचं घर पालख्या करणारं. पालखीला लोक चारी बाजूंनी हात लावतात. एक बाजू साधी सोडली तर देव तिकडून उघडा पडला, असं आमच्यात मानतात. मामंजींना कुणी खुर्ची दाखवली नव्हती. विलायतेच्या खुर्च्या घेऊन येणारी बोट बुडाली. समारंभाला चार महिने राहिले होते, आणि राजेसाहेबांना सांगायची दिवाणांची छाती नव्हती. त्यांनी मामंजींना बोलावून एक कागद हातात ठेवला, कंपनीच्या पुस्तकातला. त्यावर एका खुर्चीचं चित्र, समोरून काढलेलं. मामंजींनी विचारलं, मागं काय हाय? दिवाण म्हणाले, मला काय ठाऊक, मीही पुढूनच बघितलीय. मग मामंजींनी मागचं आपल्या मनानं केलं."

"आणि महोगनी?"

"संस्थानच्या आगगाडीचा जुना डबा मोडला होता. त्याच्या खांबांचं आणि छताच्या तक्तपोशीचं लाकूड. पंजा कसा असतो ते बघायला त्यांनी गाडीखान्यात कोंबडा बांधून ठेवला होता चार महिने. सासूबाई सांगायच्या, समारंभ झाल्यावर तो कापून खाल्ला, पण मामंजींनी ताटाला हात लावला नाही."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पंज्याची मागची नखी चाचपली.

"हे तुम्हाला सासूबाईंनी सांगितलं?"

"हो."

"आणि मिस्त्री स्वतः?"

"ते बोलत नाहीत. दिवाणांनी देवापुढं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. पण दिवाण मेले, राजेसाहेबही मेले."

"मिस्त्री आहेत?"

"आहेत. ब्याऐंशीचे आहेत. डोळे गेलेत, बाकी खणखणीत."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि बरंच काही लिहिलं. मला बरं वाटलं. वाटलं, झालं, अठ्ठेचाळीस वर्षांचं गुपित एकदाचं कागदावर आलं. मग ते वही मिटून म्हणाले, "कारभारी, खडू पुसा. गेरू आणा."

"का?" मी विचारलं.

"बाई, या हॉलमध्ये विलायतेहून आलेलं सामान मांडायचं, असा ट्रस्टचा ठराव आहे. नक्कल इथं राहत नाही."

"नक्कल? आत्ता तर म्हणत होता, वाड्यात एवढंच खरं!"

"हात सुंदरच आहे. मी नाही कुठं म्हणतोय?"

"मग त्यावर मिस्त्रींचं नाव लिहा."

"कशावर लिहू?" साहेबांचा आवाज चढला नव्हता. त्यांना वाईटच वाटत असावं. "विकायच्या मालावर?"

खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. हॉटेलवाल्याची माणसं सकाळपासून एक कपाट ट्रकात घालायची खटपट करत होती. मोठं शिसवी कपाट, दारांवर मोर. ते मावेना म्हणून त्यांनी दारं पहारीनं उचकटून काढली होती, आणि मोरांच्या मानांवर पाय देऊन ती आता वर चढत होती.

"थांबा," मी म्हणाले. "उद्यापर्यंत थांबा."

साहेबांनी खिडकीतून ट्रककडं पाहिलं. "ठीक आहे. नाहीतरी तुमचं हे ऐकीव आहे. मिस्त्रींना घेऊन या. त्यांनी हात लावून सांगितलं की आपल्या आहेत, तर गेरू. नाही म्हणाले, तर दफ्तरातलं पत्र खरं धरून खडू. त्यांचा शब्द मी शेवटचा मानीन."

घरी आले तेव्हा मामंजी ओट्यावर खिळे निवडत बसले होते. जुने खिळे बोटांनी चाचपायचे, सरळ एका डब्यात टाकायचे, वाकडे दुसऱ्यात. डोळे गेल्यावर हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणाले, गेरू, खडू, कपाटाची दारं, सगळं.

"बोललीस," ते म्हणाले.

"बोलले."

"शपथ ठाऊक होती न्हवं तुला?"

"ज्यांनी घातली त्यांची हाडं नदीला जाऊन चाळीस वर्षं झाली. आता ती कुणाला लागणार?"

त्यांनी एक खिळा उचलला. बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिले.

"चारी पाय बघितलं त्यानं?"

"बघितले. जमिनीवर बसून बघितले."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हात सुंदर आहे."

मामंजींनी हातातला खिळा पुन्हा चाचपला. खिळा सरळ होता, तरी त्यांनी तो वाकड्यांच्या डब्यात टाकला.

"मामंजी, ऐका माझं," मी म्हणाले. "खुर्च्या जाऊ देत. गेल्या तर गेल्या. पण मुंबईचा एवढा साहेब लिहून घेतोय. छापून येईल. उद्या कुणी विचारलं, रावजी मिस्त्री कोण, तर सांगायला कागद असेल. अठ्ठेचाळीस वर्षं तुमच्या कष्टावर लंडनच्या कंपनीचं नाव. ते इंगवले माझ्या तोंडावर म्हणतात, आपले लोक मुसळासारखे पाय करतात. मी ऐकून घेऊ?"

"तू कधी ऐकून घेतलंयस?"

"नाही घेत. आणि घेणारही नाही."

"सकाळी माझं धुतलेलं धोतर काढून ठेव," ते म्हणाले. "आणि पटका. रुमाल नको, पटका."

मी उठले. पटका मागितला म्हणजे गडी तयार झाला, असं मी धरलं. रात्री धोतराला नीळ दिली.

सकाळी टांग्यानं गेलो. वाड्याच्या पायऱ्यांशी मामंजींनी चपला काढल्या. मी म्हणाले, आता इथं चपला कुणी काढत नाही. ते म्हणाले, मी काढतो.

साहेब आधीच आले होते. इंगवलेही होते, दोन्ही डब्या घेऊन. बाराही खुर्च्या भिंतीपासून पुढं ओढलेल्या होत्या. मी मामंजींचा हात धरून त्यांना पहिल्या खुर्चीपाशी नेलं. त्यांनी माझा हात सोडला.

मग मी नुसती बघत उभी राहिले. ते डोक्याशी सुरुवात करायचे. पाठीच्या वरच्या पट्टीवरून दोन्ही हात बाहेर, मग फळीवरच्या पानांवरून खाली, मग गुडघ्यावर, पोटरीवर, पंज्यावर. खाली बसून मागचे पाय. मग दोन्ही हातांनी खुर्ची जराशी दाबायची आणि कान द्यायचा. हे झालं की पुढची. एका खुर्चीशी ते जास्त थांबले. तिला परत दाबलं. मग पुढं गेले.

बारावी झाल्यावर त्यांनी अंदाजानं साहेबांकडं तोंड केलं.

"साहेब, खुर्ची बसल्याबिगर कळत न्हाई. बसू का?"

इंगवल्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "बसा ना. विचारताय काय?"

खुर्च्या पोचवल्या तेव्हा मागच्या दारानं पोचवल्या होत्या. समारंभाच्या दिवशी मामंजी बाहेर मांडवाच्या कनातीला धरून उभे होते, असं सासूबाई सांगायच्या. त्यानंतर ते या हॉलमध्ये आले ते आजच. आणि आले ते डोळे गेल्यावर.

ते बसले. घरी ओट्यावर बसताना ते आधी ओटा चाचपतात. इथं चाचपलं नाही. सरळ मागं वळले आणि बसले, जसं आपण आपल्या उंबऱ्यावर बसतो. हात दोन्ही बाजूंना ठेवले. खुर्चीच्या हातांच्या टोकाला जिथं लाकूड आत वळलं होतं, तिथं त्यांचे अंगठे जाऊन बसले. शोधावं लागलं नाही. ते वळण त्यांच्याच अंगठ्याच्या मापाचं होतं.

मला वाटलं, आता बोलतील. मी इंगवल्यांकडं रोखून बघत होते, की ऐक आता.

"काय मिस्त्री?" साहेब जवळ येऊन म्हणाले. "तुमच्या हातच्या?"

"न्हाई, साहेब."

मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"नाहीत?"

"माझ्या न्हवंत. विलायतीच हाईत."

"मामंजी!"

"पण सूनबाई तर सांगतात..."

"तिची सासू मला मोठा करून सांगायची. बायका करतात तसं," मामंजी म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. "मी पालख्या केल्या. देव्हारं केलं. धाब्याच्या घरांची दारं केली. असला हात मला असता तर मी या गावात राहिलो असतो व्हय?"

"आणि कोंबडा?" मी ओरडले. "आगगाडीचा डबा? दिवाणांनी दिलेला कागद? ते काय सासूबाईंच्या स्वप्नात आलं?"

"ती हुशार होती," मामंजी म्हणाले. "रचून सांगायची."

इंगवले खाली बघून हसत होते. निदान तोंडावर हात तरी धरायचा होता.

साहेब म्हणाले, "पण मिस्त्री, मागच्या पायांना पंजे कसे? विलायतेत असं करत नाहीत."

मामंजींनी मान जरा कलती केली, जसे ते गिऱ्हाइकाला लाकडाचं सांगताना करायचे. "साहेब, तुम्ही शिकलेलं, मी आपलं सुताराच्या अकलेनं सांगतो. त्या लोकांत मधोमध टेबल मांडून भोवती जेवायला बसतात न्हवं? मग दारातून आत येणाऱ्याला काय दिसणार? खुर्चीची पाठच की. पुढचं पाय टेबलाखाली. म्हणून कुणा शाण्यानं पाठ कोरून घेतली असंल. राजाची मागणी होती. राजाला कोण न्हाई म्हणतंय?"

साहेब खुर्चीकडं बघत होते, मग मामंजींकडं, मग खाली त्यांच्या अंगठ्यांकडं. बराच वेळ अंगठ्यांकडं बघत राहिले. त्यांना काय दिसलं आणि काय नाही, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला.

"असू शकतं," ते म्हणाले. "खास मागणी. असू शकतं."

मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमचं कालचं सांगणं मी लिहून घेतलं होतं. ते आता रद्द करावं लागेल. खाली लिहितो, की ही माहिती चुकीची होती. त्यावर तुमची सही लागेल."

"मी नाही सही करणार."

"मग मला दोन्ही ठेवावी लागतील. ट्रस्टपुढं जाईल. चौकशी होईल."

"होऊ दे की चौकशी! मी खोटं बोललेले नाही. माझ्या बापानं मला काही दिलं नसेल, खोटं बोलायची सवय तरी दिली नाही."

"अनुसया," मामंजी म्हणाले.

वीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. सूनबाई म्हणायचे, नाहीतर नुसतं 'अगं'. ते अजून खुर्चीत बसलेले होते.

"सही कर."

"मी खोटी ठरू? या माणसापुढं?" मी इंगवल्यांकडं हात केला.

"ठर."

मी वही ओढून घेतली. सही म्हणजे मला माझं नाव लिहिता येतं, एवढंच. अ, नु, स, या. शाळेत शिकलेलं तेवढंच टिकलं होतं. बँकेत आणि पावत्यांवर मी ते ताठ मानेनं लिहायची. त्या दिवशी लिहिताना मला रागानं अक्षरं दिसत नव्हती. वरची रेघ मी इतकी दाबून ओढली की कागद फाटला. वही साहेबांच्या हातात न देता शेजारच्या खुर्चीवर टाकली.

इंगवल्यांनी डबी उघडली आणि बारा वेळा खडू लावला. कामाला निघालेल्या माणसासारखे मामंजी उठले. साहेबांना नमस्कार केला, आणि दारापर्यंत माझा हात न धरता चालत गेले.

टांग्यात बसेपर्यंत मी दम धरला. मग सुटले. म्हणाले, तुम्ही माझं नाक कापलंत. म्हणाले, तुमच्या मुलामागं दहा वर्षं मी हा कारखाना ओढला, गावात कुणाची मान वर करून बोलायची हिंमत नव्हती, आणि आज तो खडूच्या डबीवाला माझ्यावर हसला. म्हणाले, सासूबाईंना खोटं पाडलंत, त्या मेलेल्या बाईला. म्हणाले, तुम्हाला तुमच्या नावाची लाज वाटते का? टांगेवाला मागं वळून बघायला लागला. त्याला म्हणाले, तू घोड्याकडं बघ.

मामंजींनी पटका काढून मांडीवर ठेवला होता.

"काल दारं काढली म्हणालीस," ते म्हणाले. "त्या कपाटावर मोर होतं?"

"होते."

"माना मागं वळलेल्या?"

"हो. पाय देत होते त्यांवर."

"आमच्या धाकट्या काकांचं काम ते."

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"साहेबाला?"

"इंगवल्यांनी सांगितलं होतं की. नाव, गाव, सगळं."

टांगा नाल्यावरच्या पुलावरून गेला. घोड्याच्या टापांचा आवाज बदलला आणि परत पहिल्यासारखा झाला. माझा राग एकदम उतरला असं मी म्हणणार नाही. तो उतरला नाही. पण त्याला आता पुढं जायला वाट राहिली नाही. काकांचं नाव गावाला ठाऊक होतं, साहेबाला ठाऊक होतं, आणि कपाट ट्रकात आडवं पडून मुंबईला निघालं होतं. मी काल ओट्यावर बसून म्हणाले होते, खुर्च्या गेल्या तर गेल्या. त्याच्या आधीच, 'हात सुंदर आहे' एवढं ऐकून, त्यांनी सरळ खिळा वाकड्यांत टाकला होता.

"सातवीचा मागचा डावा पाय हलतोय," मामंजी म्हणाले.

"कुठल्या सातवीचा?"

"दारापासून हात लावत गेलो त्यात सातवी. सांधा कोरडा पडलाय. दाबली की बोलते. आत्ता सरस घातला तर बसंल, वर्षानं न्हाई बसायचा. पॉलिशला जाशील तेव्हा बघ."

"मी?"

"आणि कोण? कारागीर नको न्यायला. त्याला हात कळंल." मग म्हणाले, "परक्याचं काम म्हणून कर."

त्यानंतर मामंजी दोन वर्षं जगले. या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मी सांगून लिहवून घेतलेल्या या गोष्टीत गावाचं नाव घातलेलं नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. कुणी शोधायला जाऊ नये. माझ्या नातवंडांनीसुद्धा.

त्या सहीनंतर आठ दिवसांनी मी सरसाचं भांडं, दोरी आणि लाकडी हातोडी घेऊन दरबार हॉलमध्ये गेले. सातवी खुर्ची उलटी करून गोधडीवर ठेवली आणि पाय हळूहळू सोडवला. त्या सांध्याच्या आत अठ्ठेचाळीस वर्षं उजेड गेला नव्हता. आत सांधा आखताना मारलेल्या खतावणीच्या रेघा तशाच होत्या, केसासारख्या बारीक, एकही दुबार ओढलेली नाही. नाव नव्हतं, खूण नव्हती. मी बारकाईनं बघितलं. पंज्याची मागची नखी आतल्या अंगाला होती. जमिनीवर आडवं पडल्याशिवाय ती कुणाला दिसणार नव्हती. तिलाही शीर कोरली होती.

जुना सरस खरवडून काढला, नवा गरम करून घातला, पाय बसवला. दोन पायांना दोरी गुंडाळून मध्ये काठी घातली आणि पीळ द्यायला लागले.

इंगवले आत आले. कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिले.

"विलायती काम ते विलायती," ते म्हणाले. "पन्नास वर्षांत एक पाय हलला तेवढाच. आपल्या सुतारांची खुर्ची वर्षात कुरकुरते. खरं ना, आक्का?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. एक नव्हे, चार आली होती. चारही चांगली होती.

"खरं," मी म्हणाले, आणि दोरीला आणखी एक पीळ दिला.